जीएमआरटीवर वेळ मिळाला, आता पुढे? ठाणे-नवी मुंबईतल्या अभ्यासकांसाठी कामाचा धागा

खाडीकिनारी (ठाणे)

नारायणगावजवळच्या खोडदच्या जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोपवर (जीएमआरटी) निरीक्षणाचा वेळ मागणारे किंवा तिथला जुना डेटा वापरणारे ठाणे-नवी मुंबईच्या कॉलेजांतून आता बरेच दिसतात. तेच ते प्रश्न वेगवेगळ्या धाग्यांवर पुन्हा पुन्हा येतात, म्हणून सगळं एका जागी.

आधी ओळख, थोडक्यात. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश. त्यातल्या १४ साधारण एक किलोमीटरच्या मधल्या चौकात, उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन भुजांवर. सर्वांत लांबची जोडी सुमारे २५ किमी. चालवणारी संस्था एनसीआरए, म्हणजे टीआयएफआरचं (टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं) पुण्यातलं रेडिओ खगोलशास्त्राचं केंद्र. सुधारित रिसीव्हर आल्यावर चार बँड मिळतात: बँड २ (सुमारे १२५ ते २५० मेगाहर्ट्‌झ), बँड ३ (२५० ते ५००), बँड ४ (५५० ते ८५०) आणि बँड ५ (साधारण १०५० ते १४५०).

आता मदतीचं. दुर्बीण वापरणाऱ्याला मदत करणारी माणसं एकाच खिडकीत बसत नाहीत, हे पहिल्यांदा अर्ज करणाऱ्याला कळत नाही. कामाप्रमाणे चार खिडक्या धरा:

१. अर्ज आणि वेळवाटप. अर्ज एनसीआरएच्या नॅप्स या ऑनलाइन प्रणालीतून जातो. तज्ज्ञ परीक्षक वाचतात आणि वेळवाटप समिती, म्हणजे जीटॅक, निर्णय देते. वर्षात दोन सत्रं: एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. अर्जाची मुदत सत्राच्या अडीच-तीन महिने आधी, म्हणजे जानेवारी आणि जुलैच्या मध्याला येते. नक्की तारीख दर वेळी सूचनेत वाचायची.

२. वेळापत्रक. मंजूर तासांना तारीख आणि घड्याळाची वेळ इथे मिळते. अडचणीच्या तारखा अर्जातच लिहायच्या, वेळापत्रक लागल्यावर नव्हे.

३. खोडदची कंट्रोल रूम. इथले ऑपरेटर तुम्ही दिलेल्या आज्ञांच्या फाईलप्रमाणे निरीक्षण घेतात. तुम्ही तिथे हजर असण्याची सक्ती नसते.

४. अर्काइव्ह. डेटा गोआ नावाच्या ऑनलाइन संग्रहातून मिळतो. पहिले १८ महिने तो तुमचा, नंतर सगळ्यांना खुला.

ऑपरेटर तुमचा विषय जाणत असतीलच असं नाही आणि जाणायची त्यांना गरजही नाही. फाईलमध्ये जे लिहिलंय तेच होणार. त्यामुळे निम्म्याहून जास्त बिघाड दुर्बिणीत नसतात, आपल्या फाईलमध्ये असतात. पुढच्या प्रतिसादांत त्यावर भर द्या ही विनंती.

वाशीचा_विद्यार्थी

छान धागा. एमएस्सीच्या प्रकल्पासाठी थेट वेळ मागावा की अर्काइव्हमधला डेटा घ्यावा? आणि अर्जाला फी असते का?

बेलापूरकर

फी नाही. देशातले, परदेशातले सगळे एकाच रांगेत.

एमएस्सीच्या प्रकल्पाला अर्काइव्ह बरा. हिशेब बघा: अर्ज जुलैत, निरीक्षण ऑक्टोबर ते मार्चमध्ये कधीतरी, डेटा साफ करायला दोन-तीन महिने. तोवर तुमची परीक्षा होऊन जाईल. अर्काइव्हमध्ये नोंदणी करा, आकाशातली जागा आणि बँड टाकून शोधा, १८ महिने उलटलेला डेटा मागवा. तो संग्रहातून काढून ठेवला की उतरवण्यासाठी कळवलं जातं.

वेळ मागायचाच असेल तरी अर्काइव्ह आधी बघा. त्याच स्रोतावर त्याच बँडमध्ये कुणी पाच तास घातले असतील आणि अर्जात त्याचा उल्लेखच नसेल, तर परीक्षक पहिल्या पानावरच थांबतो. अर्जात तीन गोष्टी ठळक लागतात: हाच बँड का, इतकेच तास का, आणि खोडदच का. तिसऱ्याचं उत्तर बहुधा कमी फ्रिक्वेन्सीला मिळणारी बारकाई आणि पसरट रचना दोन्ही एकाच निरीक्षणात दिसणं हे असतं. चौकातल्या जवळच्या डिश पसरट भाग पकडतात, भुजांवरच्या बारीक तपशील. बँड ३ ला सुमारे ८ आर्कसेकंद (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) आणि बँड ५ ला सुमारे २ आर्कसेकंद बारकाई मिळते.

अचानक काही घडलं, उदाहरणार्थ एखादा स्फोट, तर सत्राची वाट न बघता संचालकांच्या राखीव वेळेतून अर्ज करता येतो. तो छोटा आणि नेमका हवा. सत्राची मुदत चुकली म्हणून त्या दारातून जाऊ नये, लगेच ओळखू येतं.

कोपरीकर

तासांचा हिशेब एकदा नीट मांडतो. इथे सर्वांची फसगत होते.

८ तास मंजूर झाले म्हणजे स्रोतावर ८ तास मिळत नाहीत. ४८० मिनिटं धरा:

सुरुवातीची जुळवाजुळव (सगळ्या डिशचं पॉवर सारखं करणं, बँड लावणं, चाचणी): ४५
फ्लक्स कॅलिब्रेटर (तेज ठाऊक असलेला, मोजमापाचा स्रोत) सुरुवातीला आणि शेवटी, प्रत्येकी १२: २४
त्यासाठी डिश फिरवणं: ८

उरली ४०३. आता एक फेरी म्हणजे स्रोत ३० मिनिटं, फेज कॅलिब्रेटर (फेज जुळवायला जवळचा ठाऊक स्रोत) ५ मिनिटं, जाण्या-येण्याची ३ मिनिटं, मिळून ३८. अशा १० फेऱ्या बसतात, ३८० मिनिटं. राहिलेल्या २३ मध्ये शेवटचा एक फेज कॅलिब्रेटर, बाकी राखीव. म्हणजे स्रोतावर प्रत्यक्ष ३०० मिनिटं, ५ तास. संवेदनशीलतेचं गणित ५ तासांवर करा, ८ वर नको.

डिश दिगंशात (आडवी) मिनिटाला साधारण ३० अंश आणि उंचीत २० अंश फिरते. त्यामुळे फेज कॅलिब्रेटर १५-२० अंशांच्या आत निवडला तर जाण्या-येण्याची मिनिटं वरच्यासारखी राहतात. ४० अंश लांबचा निवडला की प्रत्येक फेरीत दोनेक मिनिटं जास्त जातात, आणि वर तिथलं वातावरण वेगळं असतं ते निराळंच.

सानपाडा_सप्तर्षी

कोपरीकर, एक भर. खोडदचा अक्षांश १९ अंशांचा, त्यामुळे ज्या स्रोताचं डेक्लिनेशन (आकाशातला अक्षांश) १९ च्या आसपास तो जवळजवळ डोक्यावरून जातो. या डिश दिगंश-उंची पद्धतीच्या. डोक्यावरच्या स्रोताला धरून राहताना दिगंश एकदम झपाट्याने बदलावा लागतो आणि ती काही मिनिटं बिघडलेली निघतात. स्रोत डोक्यावर येईल त्या वेळी कॅलिब्रेटरची फेरी ठेवा, प्रश्न मिटला.

दुसरं, खालची उंचीची मर्यादा १७ अंश. त्यामुळे उणे ५३ च्या दक्षिणेला काहीच दिसत नाही. अधिक ३० चा स्रोत सुमारे पावणेअकरा तास मर्यादेच्या वर असतो, उणे ४५ चा जेमतेम पाच. दक्षिणेकडच्या स्रोतासाठी सलग १० तास मागणारे अर्ज अजूनही येतात म्हणे! ते दोन दिवसांत विभागून मागायचे.

खाडीकिनारी (ठाणे)

@सानपाडा_सप्तर्षी, हे वरच्या पोस्टमध्ये जोडतो. आता फाईलबद्दल कुणी सविस्तर लिहील का?

मुलुंडचेकनाका

लिहितो. दोन गोष्टी लागतात: स्रोतांची यादी आणि आज्ञांची फाईल. आज्ञांची फाईल बनवायला जीएमआरटीच्या संकेतस्थळावर साधन आहे, हाताने लिहू नका. यादी मात्र हाताने भरावी लागते आणि चुका तिथेच होतात.

पहिली चूक, जुने कोऑर्डिनेट. कॅलिब्रेटरच्या यादीत प्रत्येक स्रोताला १९५० आणि २००० अशा दोन ओळी असतात. घाईत चुकीची ओळ उचलली जाते. पन्नास वर्षांत पृथ्वीच्या अक्षाच्या डुलण्यामुळे जागा सुमारे ४२ आर्कमिनिटांपर्यंत (आर्कमिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) सरकते. बँड ५ ला डिशचं दृष्टिक्षेत्रच २३ आर्कमिनिटांच्या आसपास, म्हणजे स्रोत चित्राबाहेर. बँड ३ ला क्षेत्र सुमारे ७५ आर्कमिनिटं असल्याने स्रोत कडेला अंधुक दिसतो आणि चूक आणखी उशिरा कळते. बाहेर गेला असता तर बरं, असं म्हणायची वेळ येते.

दुसरी, उणे शून्य. डेक्लिनेशन उणे ० अंश १२ मिनिटं असेल आणि उणे चिन्ह फक्त अंशाच्या आकड्याला जोडलेलं असेल, तर स्प्रेडशीट ते गिळते. शून्याला चिन्ह नसतं ना! अशा स्रोतांवर पेन्सिलने खूण करून ठेवा.

तिसरी, नावात मोकळी जागा. नाव सलग ठेवा. कॅलिब्रेटरला व्हीएलएच्या (अमेरिकेतल्या रेडिओ दुर्बिणीच्या) यादीतलंच नाव द्या, लाडाचं नाव नको. पुढे पाइपलाइन (डेटा आपोआप साफ करणारा प्रोग्राम) नावावरूनच ओळखते की हा कॅलिब्रेटर आहे.

चौथी, फ्लक्स कॅलिब्रेटर त्या वेळी आकाशात आहे का ते न बघणं. नेहमीचे तीन: थ्रीसी४८ (१ तास ३७ मिनिटं), थ्रीसी१४७ (५ तास ४२ मिनिटं), थ्रीसी२८६ (१३ तास ३१ मिनिटं). कंसातली राइट असेन्शन (आकाशातला रेखांश) बघितली की कळेल, नाक्षत्र वेळेच्या सुमारे १९ ते २१ तासांच्या दरम्यान यांतला एकही सोयीस्कर उंचीवर नसतो. तुमचा कालखंड तिथे पडत असेल तर सुरुवातीला किंवा शेवटी कॅलिब्रेटर मिळेल असा वेळ मागावा लागतो. मार्चच्या विषुवदिनाच्या आसपास थ्रीसी२८६ आपल्या घड्याळाने रात्री दोनच्या सुमारास मध्यावर असतो, त्यावरून बाकीचे महिने मोजा, दर महिन्याला दोन तास आधी.

थ्रीसी४८ थोडा बदलता आहे, थ्रीसी२८६ स्थिर. निवड असेल तर दुसरा.

पाचवी, सोबतची टीप न लिहिणं. कुठल्या फ्रिक्वेन्सीपासून कुठवर, किती चॅनेल (बँडचे बारीक तुकडे), किती सेकंदांनी नोंद, पोलरायझेशन किती, बीम मोड हवा का, कुठला कॅलिब्रेटर सर्वांत महत्त्वाचा, एखादी डिश बंद असली तरी चालेल का. ही टीप ऑपरेटरला वाचायला एक मिनिट लागतं आणि रात्री तीनला फोन येत नाही.

वाशीचा_विद्यार्थी

चॅनेल किती घ्यायचे हे कसं ठरवायचं? २०४८ सगळे घेतात म्हणून घ्यायचे का?

बेलापूरकर

कन्टिन्यूअमसाठी (सगळ्या बँडभर पसरलेल्या सिग्नलसाठी) २०० मेगाहर्ट्‌झला २०४८ चॅनेल म्हणजे एक चॅनेल सुमारे ९८ किलोहर्ट्‌झचा. त्याची गरज प्रतिमेसाठी कमी आणि कचरा काढण्यासाठी जास्त असते. बारीक चॅनेल असला की मोबाइलचा किंवा उपग्रहाचा अरुंद सिग्नल तेवढाच कापून टाकता येतो, जाड चॅनेलात शेजारचा चांगला डेटाही जातो.

हायड्रोजन रेषेसाठी उलट हिशेब. १४२०.४ मेगाहर्ट्‌झला ९८ किलोहर्ट्‌झ म्हणजे सुमारे २१ किमी प्रतिसेकंद. जवळच्या लहान दीर्घिकेला हे जाड पडतं, बँडविड्थ कमी करून बारीक चॅनेल मागा. रेडशिफ्ट (लांबच्या दीर्घिकेची रेषा किती खाली सरकली याचं माप) ०.३५ पर्यंतची रेषा बँड ५ मध्ये, साधारण ०.७ ते १.६ मधली बँड ४ मध्ये सापडते. मधल्या टापूत, ८५० ते १०५० च्या दरम्यान, मोबाइलचे टॉवर बसलेत.

कोपरीकर

आता डेटाचा आकार. ३० डिश म्हणजे ३० गुणिले २९ भागिले २, ४३५ जोड्या. दोन पोलरायझेशन, २०४८ चॅनेल, प्रत्येक आकडा ८ बाइट: एका नोंदीला सुमारे १४ एमबी. ५.४ सेकंदांनी एक नोंद धरली तर तासाला साधारण साडेनऊ जीबी. १० तासांच्या निरीक्षणाला ९५ जीबी. चारही पोलरायझेशन मागितली की दुप्पट, नोंद दुप्पट वेगाने घेतली की पुन्हा दुप्पट.

घोडबंदर_रोड

आणि हे फक्त कच्च्या फाईलचं, तेही वरच्या हिशेबाने. एलटीए (दुर्बिणीच्या कच्च्या) फाईलची फिट्स (खगोलशास्त्रातलं सर्वमान्य स्वरूप) केली की वजनाचा, म्हणजे मोजणी किती भरवशाची याचा, तिसरा आकडा जोडला जातो, दीडपट होते. कासात (डेटा साफ करून चित्र बनवायचं सॉफ्टवेअर) मेझरमेंट सेट, म्हणजे त्याच्या स्वरूपातला डेटा, केला की मूळ, मॉडेल आणि दुरुस्त असे तीन रकाने. त्यामुळे १० तासांच्या निरीक्षणासाठी रिकामी जागा ९५ जीबी नव्हे, ६०० ते ७०० जीबी ठेवा. डिस्क भरल्यावर कासा मध्येच थांबतो आणि अर्धवट टेबल मागे ठेवतो. तो पुन्हा उघडला की विचित्र चुका देतो, आणि माणूस तीन दिवस सॉफ्टवेअरमध्ये दोष शोधत बसतो.

मशीन: ६४ जीबी मेमरी, ८ ते १६ कोअर, कामासाठी २ टीबी एसएसडी, साठवणीसाठी वेगळी साधी हार्ड डिस्क, उबुंटू. ३२ जीबीवर बँड ३ चं मोठं चित्र रडतखडत होतं.

उतरवण्याबद्दल: घरचं १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट, तेही कागदावर. ९५ जीबीला कागदावर दोन तास, प्रत्यक्षात पाच-सहा धरा. ब्राउझरने उतरवू नका. डब्ल्यूगेटला अर्धवट फाईल पुढे चालू करायचा पर्याय द्या, कारण महावितरणची देखभाल-दुरुस्ती नेमकी ८० जीबी झाल्यावरच सुरू होते. राउटरलाही इन्व्हर्टरवर घ्या, फक्त संगणकाला घेऊन उपयोग नाही. शेवटी फाईलचा आकार संग्रहातल्या आकड्याशी जुळवा.

वाशीचा_विद्यार्थी

एलटीएपासून फिट्स कसं करायचं?

घोडबंदर_रोड

दोन पायऱ्या. लिस्टस्कॅन ही आज्ञा एलटीए फाईलवर चालवा, ती सगळ्या स्कॅनची यादी असलेली लॉग फाईल बनवते. ती उघडून वाचा: किती स्कॅन, किती मिनिटांचे, नावं बरोबर आहेत का. नको असलेले स्कॅन काढा, फिट्स फाईलला हवं ते नाव द्या. मग जीव्हीफिट्स त्या लॉगवर चालवा. दोन्ही साधनं जीएमआरटीकडून मिळतात. चालवण्याची परवानगी दिली नाही तर 'परमिशन डिनाइड' येतं, घाबरू नका, फाईलला चालवण्याचा हक्क द्या, बस.

लॉग न वाचता पुढे जाणं ही सगळ्यात महागडी सवय. शून्य मिनिटांचा स्कॅन, दोनदा आलेला कॅलिब्रेटर, मध्येच सुटलेली फेरी, सगळं तिथे दिसतं.

सानपाडा_सप्तर्षी

पुढे कासात आयात. कॅप्चर नावाची पाइपलाइन एनसीआरएतल्या संशोधकांनी खास यासाठी बनवलेली आहे: मांडणीच्या फाईलमध्ये कुठल्या पायऱ्या हव्यात त्या हो-नाही करायच्या. ती कासावरच चालते. जुन्या १५० मेगाहर्ट्‌झच्या डेटासाठी स्पॅम ही वेगळी, आयनोस्फिअरचा (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थराचा) वेगवेगळ्या दिशांना वेगळा परिणाम धरणारी.

पण पाइपलाइनला डोळे मिटून सोडू नका. आधी हे हाताने बघा:

- कुठली डिश मेलेली आहे? सगळ्या ३० एकाच वेळी चालू असतील असं कधीच धरू नये. एखादीचं एकच पोलरायझेशन मेलेलं असतं, ते जास्त त्रासदायक, कारण सरासरीत लपतं.
- प्रत्येक स्कॅनची पहिली काही सेकंद कापा, डिश अजून स्थिरावत असते.
- बँडच्या दोन्ही कडा कापा.
- बँड ३ मध्ये ३६० ते ३८० मेगाहर्ट्‌झला लष्करी दळणवळणाच्या उपग्रहांचा कायमचा आवाज. तो पट्टा वाचवण्यात वेळ घालवू नका.
- बँड ५ मध्ये ११७६ आणि १२२७ मेगाहर्ट्‌झच्या आजूबाजूला दिशादर्शक उपग्रह. आपलं स्वतःचं नाविकही ११७६.४५ वर आहे, त्यामुळे तक्रार कुणाकडे करणार!
- विजेच्या तारांच्या ठिणग्या. कमी फ्रिक्वेन्सीला संपूर्ण बँडभर पसरतात, सेकंदाला शंभर झटक्यांच्या तालात, कारण आपली वीज ५० हर्ट्‌झची. यासाठी दुर्बिणीच्या बॅकएंडमध्ये नोंद होतानाच गाळणी लावायची सोय आहे. पण ती आधी मागावी लागते. एकदा काही सेकंदांची सरासरी झाली की झटके वेगळे काढता येत नाहीत.

पाचपाखाडी_पल्सार

पल्सारवाल्यांना (ठराविक तालात ठोके देणारे तारे बघणाऱ्यांना) कुणी विचारत नाही, म्हणून लिहितो. सगळ्या डिश मिळून बनणाऱ्या बीमचे दोन प्रकार. इन्कोहेरन्टमध्ये सगळ्या डिशच्या पॉवरची बेरीज: क्षेत्र मोठं, संवेदनशीलता डिशच्या संख्येच्या वर्गमुळाने वाढते. फेज्ड अॅरेमध्ये फेज जुळवून बेरीज: क्षेत्र अगदी अरुंद, संवेदनशीलता संख्येच्या प्रमाणात. शोधासाठी पहिला, ठाऊक असलेल्या पल्सारसाठी दुसरा.

फेज्ड अॅरेत लांबच्या भुजांवरच्या डिश घेऊ नका. चौक आणि भुजांवरच्या पहिल्या एक-दोन, एवढंच. लांबच्या डिशची फेज आयनोस्फिअरमुळे लवकर घसरते आणि तासाभरात त्या बेरजेला मदत करण्याऐवजी खाली ओढतात. तास-दीड तासाने कॅलिब्रेटरवर जाऊन फेज पुन्हा जुळवायची, हे आज्ञांच्या फाईलमध्ये लिहायचं. ऑपरेटर आपणहून करणार नाहीत.

डिस्पर्शनचा, म्हणजे कमी फ्रिक्वेन्सी उशिरा पोचण्याचा, हिशेब एकदा हाताने करा. डीएम (या उशिराचं माप) ५० असलेल्या पल्सारचा ठोका ५०० मेगाहर्ट्‌झला आल्यावर ३०० ला सुमारे दीड सेकंद उशिरा येतो. तेवढं चालतं, नंतर दुरुस्त होतं. पण एकाच ९८ किलोहर्ट्‌झच्या चॅनेलमध्ये ३०० ला तोच ठोका दीड मिलिसेकंद पसरतो, आणि ते नंतर दुरुस्त होत नाही. तीन मिलिसेकंदांच्या पल्सारचा अर्धा फेरा त्यातच गेला. अशांसाठी कोहेरन्ट डीडिस्पर्शन (हा पसारा नोंद होतानाच काढणं) मागायचं आणि डीएमचा आकडा टीपेत अचूक द्यायचा.

कोपरीकर

निरीक्षण रात्री घ्यावं हे सगळे सांगतात. कमी फ्रिक्वेन्सीला रात्र शांत.

सानपाडा_सप्तर्षी

कोपरीकर, अर्धं बरोबर. आपल्याकडे अर्धी रात्र वाईट असते. खोडद चुंबकीय विषुववृत्तापासून फार दूर नाही. सूर्यास्तानंतर ते मध्यरात्रीपर्यंत आयनोस्फिअरमध्ये बुडबुडे तयार होतात आणि सिग्नल लुकलुकतो, मार्च आणि सप्टेंबरच्या आसपास सर्वांत जास्त, सूर्यडागांच्या तेजीच्या वर्षांत आणखी. युरोपातल्या दुर्बिणींच्या सवयी इथे चालत नाहीत. बँड २ आणि ३ साठी त्या महिन्यांत मध्यरात्रीनंतर ते पहाटेपर्यंतचा वेळ मागा. बँड ५ ला फारसा फरक नाही, दुपारीही चालतं, फक्त सूर्य जवळ नको.

कोपरीकर

मान्य. अर्जातल्या 'पसंतीच्या वेळा' या रकान्यात हे कारणासहित लिहिलं तर वेळापत्रकवाले ऐकतात.

घोडबंदर_रोड

प्रतिमेबद्दल दोन ओळी, नाहीतर धागा इथेच थांबेल. बँड ३ ला पिक्सेल १ ते दीड आर्कसेकंद. चित्र फक्त ७५ आर्कमिनिटांचं करू नका, कडेबाहेरच्या तेजस्वी स्रोतांच्या लाटा आत येतात. अडीच अंशांचं करा, १ आर्कसेकंदाने ९००० पिक्सेल. वाइडफील्ड ग्रिडर आणि डब्ल्यू-प्रोजेक्शन चालू, बँडविड्थ रुंद असल्याने दोन टर्मचं डीकन्व्होल्यूशन. सेल्फ-कॅलिब्रेशन (स्वतःच्याच चित्रावरून डेटा दुरुस्त करणं) आधी फक्त फेजचं, चार फेऱ्या, वेळ ८ मिनिटांवरून हळूहळू १ मिनिटावर आणत. अॅम्प्लिट्यूड शेवटी. ते आधी केलं की चुकीचं मॉडेल गोठतं आणि अंधुक स्रोत गायब होतात. चित्र मात्र छान दिसतं, हा त्यातला धोका.

प्रायमरी बीमची (डिशच्या कडेला घटणाऱ्या संवेदनशीलतेची) दुरुस्ती कासा आपोआप बरोबर करेल असं धरू नका. जीएमआरटीने प्रत्येक बँडसाठी बहुपदीचे सहगुणक दिलेत, ते वापरा. दुरुस्तीआधीचं फ्लक्स कडेच्या स्रोताला निम्मंही भरत नाही.

आणि संवेदनशीलता: कॅल्क्युलेटरचा आकडा कागदावरचा असतो. प्रत्यक्ष नॉइज त्याच्या दुप्पट-तिप्पट आला तर ते अपयश नव्हे, अर्जात तेवढी सोय ठेवा.

नेरूळची_नक्षत्रा

जाऊन बघायचं असेल तर वाट सांगा कुणी. आणि तिथे मोबाइलचं काय?

मुलुंडचेकनाका

ठाण्याहून कल्याण, मुरबाड, माळशेज घाट, ओतूर, आळेफाटा, मग नारायणगाव आणि खोडद. कल्याणहून आळेफाट्याकडे जाणाऱ्या एसटी मिळतात. जुलै-ऑगस्टमध्ये माळशेजला दरडींचा भरवसा नाही. बेलापूर-पनवेलकडून चाकण, राजगुरुनगर, मंचर मार्गे बरं. काम डेटाचं असेल तर खोडदला जायची गरजच नाही. पुण्याला गणेशखिंडीत विद्यापीठाच्या आवारात एनसीआरए आहे, तिथे माणसं भेटतात.

आवारात मोबाइल बंद. ही नम्र विनंती नाही, तो नियम आहे. दुर्बिणीला तुमचा फोन आकाशातल्या कुठल्याही स्रोतापेक्षा प्रखर दिसतो. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास तिथे मोठं विज्ञान प्रदर्शन असतं, शाळेच्या मुलांना न्यायचं तर तेव्हा. परतताना नारायणगाव, तमाशाची पंढरी, बाकी आपापलं बघा.

पाचपाखाडी_पल्सार

माळशेजची वाट निघालीच आहे म्हणून: कल्याणला १९६५ मध्ये भारतातल्या सुरुवातीच्या रेडिओ दुर्बिणींपैकी एक उभी होती, ऑस्ट्रेलियाने दिलेल्या १.८ मीटरच्या ३२ डिश, ६१० मेगाहर्ट्‌झ, सूर्याच्या निरीक्षणासाठी. उभारणारे गोविंद स्वरूप, ज्यांनी पुढे उटी आणि मग खोडद उभं केलं. आज कल्याणच्या गर्दीत तेच ६१० मेगाहर्ट्‌झ लावून बघा म्हणावं, काय ऐकू येतं ते.

वाशीचा_विद्यार्थी

शेवटचा प्रश्न. हे सगळं शिकायचं कुठे? आणि अडलो तर मेल कसा लिहायचा, उत्तर येत नाही अशी भीती वाटते.

बेलापूरकर

शिकण्यासाठी एनसीआरए आणि आयुका (पुण्यातलंच खगोलशास्त्राचं आंतरविद्यापीठ केंद्र) मिळून बीएस्सी-एमएस्सीच्या विद्यार्थ्यांसाठी हिवाळी शाळा घेतात, साधारण डिसेंबरात. संशोधकांसाठी वेगळी रेडिओ अॅस्ट्रॉनॉमी स्कूल असते, त्यात खऱ्या डेटावर हात फिरवायला मिळतो. दोन्हींच्या घोषणा संकेतस्थळावर येतात. तोवर सरावासाठी एक जुना, छोटा, बँड ४ चा तेजस्वी स्रोताचा डेटा घ्या. बँड २ ने सुरुवात केलीत तर महिन्यात विषय सोडाल.

मेलबद्दल. 'डेटा नीट दिसत नाही' असं लिहिलं की उत्तर उशिरा येतं, कारण उत्तर देण्यासारखं त्यात काही नसतं. हे लिहा: अर्जाचा क्रमांक, निरीक्षणाची तारीख, एलटीए फाईलचं पूर्ण नाव, बँड, चॅनेल, कासाची आवृत्ती, कुठली आज्ञा दिली, चुकीचा पूर्ण मजकूर, आणि कुठल्या डिश कुठल्या वेळेला बिघडलेल्या दिसल्या. सोबत अॅम्प्लिट्यूड-वेळ आणि अॅम्प्लिट्यूड-चॅनेल असे कॅलिब्रेटरचे दोन आलेख. स्क्रीनचा मोबाइलने काढलेला तिरका फोटो नको. आणि चूक निरीक्षणाच्या वेळी दुर्बिणीकडून झाली असेल, म्हणजे अर्ध्या डिश बंद होत्या किंवा वाऱ्यामुळे डिश वर तोंड करून ठेवाव्या लागल्या, तर ते लगेच कळवा. कंट्रोल रूमच्या नोंदीत ते लिहिलेलं असतं. त्याच सत्रात वेळ शिल्लक असताना मागितलात तर बदली तास मिळण्याची शक्यता असते, सत्र संपल्यावर पुन्हा अर्जच करावा लागतो.

वाशीचा_विद्यार्थी

लॉग उघडला. फेज कॅलिब्रेटरचं नाव कुणीतरी 'कॅल१' ठेवलंय. आता?

घोडबंदर_रोड

फिट्स करण्याआधी असशील तर लॉगमधले कोऑर्डिनेट व्हीएलएच्या यादीत शोध, कुठला स्रोत आहे ते कळेल. मग कॅप्चर न चालवता कासात हाताने कॅलिब्रेट कर, फील्ड क्रमांकाने. नावाची भानगड येतच नाही. यादीतली २००० वाली ओळ बघ हां.